इतिहासाच्या पेपरात जे सगळ्यात चांगलं येतं, तिथंच वेळ जातो

बोर्डाची परीक्षा जवळ आली की पोरापोरींचा ठरलेला प्रश्न, सर इतिहासात वेळच पुरत नाही, काय करू. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर पट्ट्यात बारावीला इतिहास शिकवतो आणि सराव पेपरचे गठ्ठे तपासताना दरवर्षी तेच दिसतं, की जो प्रश्न पोराला सगळ्यात छान येतो तोच त्याचा वेळ खातो.

भारत छोडो आंदोलनावर सविस्तर लिहा असं आलं की आमची पोरं सुटतातच. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूरात काय झालं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकत मोठी झालेली ही पोरं, आणि आपल्या गावाचं नाव बोर्डाच्या पेपरात लिहायला मिळते म्हटल्यावर हात थांबत नाही. मोर्चा, गोळीबार, त्यात शहीद झालेला बालाजी रायपूरकर, सगळं येते, तीन-तीन पानं भरतात. वाचताना मलाही भरून येते खरं सांगतो. पण त्याच उत्तरात 14 जुलैचा काँग्रेसचा वर्ध्याचा ठराव राहून जातो, 8 ऑगस्टची मुंबईची गवालिया टँकवरची सभा एका ओळीत, उषा मेहतांचं गुप्त रेडिओ केंद्र आणि साताऱ्याचं प्रतिसरकार तर गायबच. म्हणजे वेळ गेला दुप्पट आणि मार्क मिळाले अर्धे, वरून पुढचा प्रश्न कोरा.

आता हिशोब बघा. पेपर 80 मार्कांचा, वेळ 3 तास, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. पाच मार्कांच्या प्रश्नाला 11 मिनिटं होतात, पण वाचायला-विचार करायला वेळ लागतो म्हणून 10 च धरा. 2023 पासून बोर्ड शेवटी 10 मिनिटं जास्तीची देते, ती हिशोबात धरूच नका, ती तपासायला ठेवा. काट्याचं साधं घड्याळ हातात घाला, आणि प्रत्येक मोठं उत्तर सुरू करताना ते किती वाजता संपवायचं ते पेन्सिलनं प्रश्नपत्रिकेवर नको (तिच्यावर काही लिहायची परवानगी नसते), उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामात लिहून ठेवा.

मोठ्या उत्तराआधी दोन मिनिटं मुद्दे मांडा, हे मी वर्गात ओरडून सांगतो तरी पोरांना वाटते वेळ वाया चालला. समजा 1857 च्या उठावाची कारणं विचारली. बहुतेक जण थेट मंगल पांडेपासून सुरू करतात, काडतुसं, बराकपूर, आणि मग दिल्ली, झाशी, तात्या टोपे, म्हणजे प्रश्न कारणांचा आणि उत्तर घडामोडींचं! मागच्या पानावर आधी पाच शब्द लिहा, राजकीय, आर्थिक, सामाजिक-धार्मिक, लष्करी, तात्कालिक. राजकीयच्या पुढे इंग्रजांनी खालसा केलेली राज्यं, सातारा 1848, नागपूर 1854, अवध 1856 एवढं टिपलं तरी तो परिच्छेद उभा राहते. प्रत्येकाला चार-पाच ओळी, झालं. परीक्षक मुद्दे शोधत असते, मंगल पांडेवर दीड पान लिहिलं तरी तो एकच मुद्दा धरला जातो.

एका पोरीचे वडील धानाचे शेतकरी, त्यांना मी हे समजावत होतो तर ते म्हणाले, "पहिल्याच बांधीत पाणी भरत बसलं त टोकाची बांधी वाळनच ना सर." बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर. तेव्हापासून वर्गात मी हेच वाक्य सांगतो, पोरांना लगेच कळते.

क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात जे सर्वात छान येते ते आधी लिहा. मी म्हणतो आधी वस्तुनिष्ठ उरकून घ्या, मग सर्वात आवडता सोडून त्याच्या खालचा, बऱ्यापैकी येणारा मोठा प्रश्न घ्या. तो आपोआप मापात लिहिल्या जातो, कारण सांगायला फार जास्त नसतेच. आवडता प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर आला की घड्याळाचं भान आलेलं असते आणि हातही चालू झालेला असतो. चिमूरचा परिच्छेद तेव्हाही लिहा, जरूर लिहा, तारीख, घटना आणि त्याचं महत्त्व असा पाच-सहा ओळींत, आणि सोबत वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचं नाव विसरू नका, तिथंही त्याच दिवशी रक्त सांडलं.

आणि एवढं करूनही शेवटी सहा मिनिटं आणि एक अख्खा प्रश्न उरला तर प्रस्तावना बिस्तावना सोडा. सरळ मुद्दे टाका, प्रत्येक मुद्द्यात एक सन किंवा एक नाव. अर्धवट सोडलेल्या सुंदर परिच्छेदापेक्षा असे चार मुद्दे जास्त मार्क देतात.

हे सगळं घरी बसून वाचून येत नाही बरं का, सराव करावाच लागते. फेब्रुवारीत घरी हरभऱ्याचं काम असते, पोरींना स्वयंपाक असते, मला माहीत आहे. म्हणून घरच्यांना सांगून रविवारचे 11 ते 2 तेवढे मागून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि जुना पेपर पेनानं सलग लिहून काढा. पहिल्यांदा दीड तासातच बोटं दुखतील, दुखू द्या, पुढच्या रविवारी कमी दुखतात.

शेवटच्या 10 मिनिटांत नवीन काही लिहायला जाऊ नका. प्रश्न क्रमांक बरोबर टाकले का बघा, किती पुरवण्या घेतल्या तो आकडा लिहा, आणि दोरा नीट बांधा.