भरपाई कोणाला मिळाली

16 एप्रिल, वॉशिंग्टन

आज शहराला सुट्टी. 1862 साली याच दिवशी लिंकननी कायद्यावर सही केली आणि इथले जवळपास 3,000 गुलाम मोकळे झाले. सकाळी चहा घेताना त्या वेळचे अर्ज वाचत बसलो. मला वाटलं होतं, सुटलेल्यांचे असतील. बहुतेक सगळे मालकांचे निघाले! भरपाई त्यांना मिळायची होती.

वळणदार अक्षरात नाव, वय, उंची, रंग, काय काम येतं, आणि शेवटी किंमत. माणशी सरासरी 300 डॉलरच्या आत पैसे द्यायचे ठरलं होतं. किंमत ठरवायला बाल्टिमोरहून गुलामांचाच एक व्यापारी बोलावला होता. चहा तसाच गार झाला.

जे जन्मभर राबले त्यांच्यासाठीही त्या कायद्यात पैसे होते, माणशी 100 डॉलरपर्यंत. पण ते हैती, लायबेरिया किंवा अशाच दुसऱ्या देशात कायमचं निघून गेले तरच. इथेच राहिले तर छदामही नाही. पुढे 1865 च्या जानेवारीत यादवी युद्धातल्या उत्तरेच्या जनरल शर्मननी दक्षिणेच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत जमीन द्यायचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सननी जमिनी जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली.

दुपारी चालत व्हाइट हाउसपर्यंत गेलो. समोरच्या चौकाजवळ फ्रीडमन्स बँक होती. सुटलेल्या माणसांनी मजुरीतले पैसे पै पै करून तिथे ठेवले. 1874 मध्ये ती बुडाली, सुमारे 61,000 खातेदारांचे जवळपास 30 लाख डॉलर अडकले. या माणसांनी काटकसर केली नाही असं आता कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, हिच्या 2022 च्या पाहणीत मधल्या (निम्मी त्याच्या वर, निम्मी खाली अशा) गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता 2,85,000 डॉलर होती आणि मधल्या काळ्या कुटुंबाची 44,900. गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यायचा विषय निघाला की ऑफिसात लोक म्हणतात, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय. मी इथे शिकायला आलो तो बाबांनी आजोबांची नाशिकची जागा गहाण टाकली म्हणून. गहाण टाकायला काहीतरी होतं. ते मी माझ्या मेहनतीत धरत आलो. माझ्या मते देणं आहे ते आहे, आणि ते सरकारनेच फेडायला हवं; मालकांना दिलं तेही सरकारनेच.

रात्री बाबांना फोन केला. गहाणखत अजून कपाटात आहे म्हणाले, आजोबांच्या खरेदीखतासोबत.