दार उघडं ठेवाल का

आज झोप लागेल असं दिसत नाही. खरं तर झालं काहीच नाही. क्लास सुटला, पोरं चपला शोधत जिना उतरली आणि आमच्या धाकट्या मायकलची आई वर आली. गॅदरिंगसाठी त्याची जादा प्रॅक्टिस चाललीय, हे तिला माहीत आहे. तिनं आधी त्याची पाण्याची बाटली भरली, टोपण दोनदा आवळलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, राग मानू नका. प्रॅक्टिस चालू असताना दार उघडं ठेवाल का? न्हायतर मी बसतो हितंच."

"ठेवतो की, त्यात काय," म्हणालो. दार उघडलं. खालच्या गिरणीचा आवाज भसकन आत आला. त्या आवाजामुळंच तर दार लावतो मी. पोरगं आपल्या नादात मागं सरकत होतं. एका पायाची टाच वर, दुसऱ्या पायाचा तळवा फरशीला चिकटलेला, आणि भार कुठल्या पायावर आहे याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मोठ्या पोरांना महिनोन् महिने जमत नाही ते या एवढ्याशा पोराला जमतं. मला मात्र पुढं काही शिकवता आलं नाही.

मला विचारलं तिनं. मंगळवार पेठेतली अर्धी पोरं माझ्या हाताखाली नाचायला शिकली. फी थकली म्हणून एकाही पोराला कधी घरी पाठवलं नाही. आणि मला विचारलं. जेवताना दादाला सांगितलं तर तो ताट सोडून उठायच्या बेतात. "सरळ काढून टाक त्या पोराला, लई शानी झालीत लोकं." दादा माझ्या बाजूनं तापला की मला बरं वाटतं. आज वाटलं नाही.

बोलताना ती भिंतीकडं बघत होती, हे आत्ता लिहिताना आठवतंय. भिंतीवर तो आहे, मायकल जॅक्सन. टोपी डोळ्यांवर ओढलेली, चवड्यांवर उभा. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीला त्याचा कार्यक्रम झाला, त्याला दादा गेला होता. मला नेलं नव्हतं. ते चित्र तेवढं आणून दिलं, त्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं म्हटलं तरी चालेल.

लहान मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले त्याच्यावर. त्यावरून कुणी वाकडं बोललं की मी आधी त्याचं बालपण काढतो. गॅरीसारख्या पोलादी कारखान्यांच्या गावातलं छोटंसं घर, तालमीच्या वेळी हातात पट्टा घेऊन बसलेला बाप. १९९३ साली टीव्हीवर ओप्रा विन्फ्रेला मुलाखत देताना त्यानं सांगितलं होतं, बाप समोर आला की कधीकधी भीतीनं उलटी व्हायची. पट्ट्याचं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आबांबद्दल इथं लिहीत नाही. पुढं १९८४ मध्ये जाहिरातीच्या शूटिंगला त्याचे केस पेटले, डोकं भाजलं. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली, हे त्यानं स्वतःच १९९३ मध्ये जाहीर केलं. अंगावर कोड होतं आणि लोक म्हणत राहिले, गोरा व्हायला निघालाय. शेवटी झोप यावी म्हणून भूल द्यायचं औषध घ्यायचा. २५ जून २००९ ला त्यातच गेला आणि ते देणाऱ्या डॉक्टरला शिक्षा झाली. एवढं सोसलेला माणूस. त्याच्याबद्दल वाचताना माझा गळा दाटतो, आजही.

पण ती बाई विचारत होती ते वेगळंच. त्याला काय काय सोसावं लागलं, हे तिनं विचारलंच नव्हतं.

मनानं दुखावलेली माणसं मी कमी बघितलेली नाहीत. आमच्या घरातच आहेत. त्यातल्या कुणी कुणाच्या पोराला हात लावला नाही. त्यामुळं "बिचारा आजारी होता" हे उत्तर मला आता पटत नाही. ते त्याच्यावर अन्याय करतं आणि सगळ्या आजारी माणसांवरही. आजारी माणसाला औषध द्यावं, माया करावी, आणि प्रश्न आला तर तोही विचारावा.

निर्दोष सुटला, हे खरं. १३ जून २००५ ला ज्युरीनं सगळ्या आरोपांतून सोडलं. त्याआधीचं प्रकरण १९९४ मध्ये पैसे देऊन मिटलं होतं, तेही गुन्हा कबूल न करता. तो शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला, आणि त्याचा वारसा सांभाळणारे आजही तेच म्हणतात. पण वेड रॉबसन नावाचा एक जण माझ्या डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रेलियातलं पोरगं. पाच वर्षांचं असताना याच्यासारखं नाचायच्या स्पर्धेत जिंकलं आणि बक्षीस म्हणून याला भेटलं. २००५ च्या खटल्यात त्यानं याच्याच बाजूनं साक्ष दिली, मला काही केलं नाही म्हणून. २०१३ मध्ये म्हणाला, केलं होतं. २०१९ च्या माहितीपटात, तसाच आरोप करणाऱ्या जेम्स सेफचकसोबत, सगळं बोलला. लोक म्हणतात, पैशासाठी फिरला. असेलही. पण लहानपणी गप्प बसलेलं पोर किती वर्षांनी बोलतं, याचा हिशेब कुणी मांडायचा? आमच्या गल्लीतला एक जण अजून बोललेला नाही. त्या मास्तरांना तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. इतके नावाजलेले होते.

पाच वर्षांचं, नाचणारं पोरगं. आमचा धाकटा मायकल थोडाच मोठा असेल.

त्या दोघांनी त्याच्या कंपन्यांवर दावे लावले. कंपन्यांचं म्हणणं, मालक तोच, हुकूम त्याचाच, मग त्याला अडवणार कोण? कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये ते ऐकलं नाही. मालक एकटाच आहे म्हणून मुलांना सांभाळायची जबाबदारी सुटत नाही, असं म्हणून दावे पुन्हा उभे केले. आरोप खरे की खोटे, हे त्या निकालानं ठरवलं नाही. तरी मी ते मघाशी पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. माझ्या क्लासचा मालक मीच, मास्तर मीच, किल्लीही माझ्याच खिशात. मला अडवणारं कोण आहे? मी चांगला आहे, हे एकट्या मला माहीत आहे. तिला कुठून कळणार?

तिला विचारायला किती धीर लागला असेल. मुलग्यांनाही धोका असतो, हे आपल्याकडं कुणी धरतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, पण घरात ताकीद पोरींनाच मिळते. हिनं पोराचं विचारलं. मोठ्यानं, मास्तरासमोर.

वाईट अजूनही वाटतंय, ते जाईल असं नाही. वाटू दे. एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मी स्वतःला मानाचा समजत होतो. तो मान होता की नुसता धाक, कोण जाणे.

चित्राचं काय करायचं, ते ठरत नाही. तो नाच माझ्या अंगात आहे, चित्र काढून तो जाणार नाही.

रविवारी सगळ्या पालकांना बोलावतोय. एकट्या पोराला जादा प्रॅक्टिस बंद, कमीत कमी दोघंतिघं. कधीही वर यायचं, न सांगता. दाराला काच बसवून घेणार, सुताराला फोन केलाय. दादा म्हणतो, लोक म्हणतील काहीतरी घडलंय म्हणूनच काच बसवली. म्हणू देत. वर येऊन मला विचारू देत. मी सांगेन.