टाकून दिलेला चोथा

सांगलीतील एका अन्न-प्रयोगशाळेत मी धान्यांतील फिनॉलिक द्रव्यांचे, म्हणजेच वनस्पतींतील एका मोठ्या अँटिऑक्सिडंट गटाचे, मापन करते. उन्हाळ्याच्या तोंडावर जत तालुक्यातून मालदांडी शाळूचे सात नमुने आले. अख्ख्या दाण्यांचे पीठ ८० टक्के मिथेनॉलमध्ये घुसळायचे, सेंट्रिफ्यूज करून वरची निवळ काढायची आणि तिच्यात फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक व सोडियम कार्बोनेट घालायचे, ही आमची नेहमीची पद्धत. फिनॉल असले की पिवळे द्रावण निळे होते आणि ती निळाई ७६५ नॅनोमीटरवर मोजता येते. सहा नमुन्यांत ती फारच फिकट आली. पांढऱ्या शाळूत टॅनिन जवळजवळ नसते, हे मला ठाऊक होते. तरीही आकडे पटेनात.

सातव्या नमुन्याची नळी धुवायला नेताना विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हा चोथा टाकू ना?" मी तिला थांबवले. धान्यातील बहुतेक फेरुलिक आम्ल, हेही एक फिनॉलिक द्रव्यच, कोंड्याच्या पेशीभित्तिकेत अरॅबिनोझायलन या तंतुमय पदार्थाला एस्टर बंधाने जखडलेले असते आणि मिथेनॉलला तो बंध तोडता येत नाही. ज्याच्या शोधात आम्ही होतो, तेच रोज मोरीत ओतत होतो, या जाणिवेने मला खरोखर वाईट वाटले.

तो बंध अल्कलीने तुटतो, म्हणून अर्धा चोथा लगेच २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घातला. घाईत नायट्रोजन सोडायचा राहिला आणि द्रावण गडद तपकिरी झाले, कारण अल्कलीत फिनॉलांचे हवेने झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. उरलेल्या अर्ध्याच्या वेळी नळीत आधी नायट्रोजन भरला, तिला फॉइल गुंडाळले आणि चार तास ढवळत ठेवले. नंतर आम्लाने पीएच २ वर आणून इथिल ॲसिटेटने तीनदा निष्कर्षण केले. पुढचे मापन फोलिनवर सोडले नाही, कारण ते शर्करा आणि क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देते, एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून एकेक मोजणारे यंत्र, लावले. ३२० नॅनोमीटरवर, फेरुलिक आम्लाच्या प्रमाणित नमुन्याच्याच वेळेला, एक उंच शिखर उभे राहिले. निवळीच्या आलेखात त्या जागी जेमतेम उंचवटा होता.

नोंदवहीत त्याच संध्याकाळी 'मुक्त' आणि 'बद्ध' असे दोन रकाने आखले. आधीच्या सहा नमुन्यांचा चोथा मात्र केव्हाच गेला होता, म्हणून जतला फोन करून प्रत्येक शेतातून पुन्हा मूठभर शाळू मागवला.