चुन्यांचा हिशोब

लोलिता फॅशन लय महाग असते हे जो तो सांगतो, पण पैसा नेमका जातो कुठे हे कोणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर तो चुन्यांत जातो. प्रिंटमध्ये नाही, बो-बिंमध्ये नाही, चुन्यांत. हे एकदा समजलं की नागपुरात बसून, महिन्याच्या पगारातून घरचं सगळं भागवून उरलेल्या पैशांतही हा शौक होतो. हळूहळू होतो, पण होतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, हा जपानचा प्रकार आहे, टोकियोतल्या हाराजुकू भागात वाढलेला. गुडघ्यापर्यंतचा घेरदार ड्रेस, आत फुललेला पेटिकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला ब्लाउज, लांब मोजे, डोक्यावर बो नाहीतर बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी. व्हिक्टोरिया राणीच्या आणि त्याआधीच्या रोकोको काळातल्या युरोपी कपड्यांवरनं उचललंय पण हुबेहूब तसं नाही. आणि नाव ऐकून कोणाच्या मनात भलतंसलतं आलं तर तसं काही नाही बरं, हे बाया स्वतःसाठी घालतात आणि अंग झाकण्यात तर आमच्या कॉलेजच्या ड्रेसकोडलाही मागे टाकतात. बेबी द स्टार्स शाइन ब्राइट हा ब्रँड १९८८ चा, मेटामोर्फोस १९९३ चा, म्हणजे कालपरवाचं फॅड नाही हे. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने मिसाको आओकी नावाच्या लोलिता मॉडेलला 'कवाई' म्हणजे गोंडस संस्कृतीची दूत म्हणून नेमलं, आणि मला तिच्याबद्दल आवडणारी गोष्ट अशी की ती नर्सही आहे. म्हणजे ड्यूटी करून, पगार मोजून हे करणारी.

आता हिशोब. ब्रँडचा नवा जेएसके, म्हणजे बिनबाह्यांचा ड्रेस जो ब्लाउजवर घालतात, तीस हजार येनच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो, रुपयांत १५-२० हजारांच्या घरात, वर शिपिंग, वर कस्टम. ते राहू द्या बाजूला. दुसरा रस्ता सेकंडहँडचा. जपानमध्ये क्लोजेट चाइल्डसारखी दुकानंच आहेत जुन्या लोलिता कपड्यांची, आणि तिथल्या मुली कपडे इतके जपून वापरतात की 'वापरलेला' लिहिलेला ड्रेस आपल्या मते कोरा असतो. ह्या सगळ्या शौकाचा अर्धा डोलारा एकमेकींचे कपडे घेण्या-विकण्यावर उभा आहे, त्यात कमीपणा वगैरे कोणी मानत नाही. मागच्या बाजूला इलॅस्टिकच्या बारीक ओळी असलेला ड्रेस बघून घ्यावा, त्याला शर्रिंग म्हणतात, अंगाला सामावून घेतो आणि आपलं वजन दिवाळीनंतर कुठे जाईल हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं.

तिसरा रस्ता आपला, गांधीबागेतला कापडबाजार ते टेलर. आणि इथेच चुन्यांचा प्रश्न येतो. साधा फ्रॉक दोन-अडीच मीटरमध्ये होतो. लोलिता ड्रेसचा खालचा घेर निदान तीन मीटर पाहिजे, त्याच्या कडेला झालर लावायची तर झालरीची पट्टी घेराच्या दुप्पट, म्हणजे सहा मीटर लांब. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून पाच इंची सहा पट्ट्या निघतात तेव्हा कुठे ती पूर्ण होते, म्हणजे नुसत्या झालरीलाच पाऊण मीटर गेलं. सगळं धरून चार मीटर समजा. आमचे मास्टर आधी नेहमी म्हणायचे, "ताई, येवढ्या चुन्यात कपडा वाया जाते नं, दीडपटीत करून देतो, कोणाला दिसते?" दिसतं ना मास्टर. स्वस्तातले जे रेडिमेड 'लोलिता ड्रेस' ऑनलाइन मिळतात ते गॅदरिंगमधल्या नाटकाचे वाटतात ना, त्याचं कारण हेच, कापड वाचवलेलं असतं आणि वर चकचकीत नायलॉनची लेस ठोकलेली असते. त्यापेक्षा प्लेन गडद निळं पॉपलिन घ्या, एकही प्रिंट नको, लेस सुती घ्या नाहीतर घेऊच नका, पण चुन्या दुप्पट घाला. हजारात काम होतं आणि ऐट दहा हजारांची येते.

ब्रँडच्या प्रिंटची चोरून छापलेली नक्कलही स्वस्तात मिळते, ती मात्र मी घेत नाही आणि दुसऱ्यांनीही घेऊ नये असं मला वाटतं. कोणीतरी बसून ती चित्रं काढलेली असतात. कट बघून शिवून घेणं वेगळं, ते तर आपल्या आयाही दुसऱ्याच्या ब्लाउजचा गळा बघून करतच आल्या आहेत.

पेटिकोटची मात्र आपल्याकडे चैन आहे. लेहंग्याच्या आत घालायचा कॅनकॅन इतवारीत, सीताबर्डीवर कुठेही मिळतो. तो पायाच्या घोट्यापर्यंत असतो, म्हणून कापून ड्रेसपेक्षा दोन इंच आखूड करायचा, खाली पडलेली नेट फेकायची नाही, तीच चुन्या घालून वर जोडायची. नेट टोचते, मोजे फाडते, म्हणून आतून जुन्या मलमलीचं अस्तर. शून्यापासून शिवायचा म्हटलं तर थराथराला पट्टी दुप्पट होते, तीन मीटर, मग सहा, मग बारा, आणि बारा मीटर नेटला चुन्या घालताना मशीनवर बसलेला माणूस काय काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

ह्यात गंमत अशी की व्हिक्टोरिया राणीचा आणि नागपूरच्या कापडाचा संबंध तसा जुनाच. १ जानेवारी १८७७ ला तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची मिल इथे सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. आता तिथे मॉल आहे. त्या मॉलमध्ये मी व्हिक्टोरियन वळणाचा ड्रेस घालून सरकत्या जिन्यावर उभी राहते, पेटिकोट दोन्ही हातांनी आवरून, आणि मागची काकू विचारते, "काऊन वं, डान्सचा प्रोग्राम हाये का?" मी हो म्हणते. सोपं पडतं.

घालणं नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना तीन थर घालून कोणी फिरत असेल तर तिला माझा नमस्कार. म्हणून आमच्याकडे वर्षातला मोठा भाग हा कपडे सांभाळण्याचा असतो, आणि खरं सांगू का, मला तो घालण्याइतकाच आवडतो.

ब्लाउज घाम झेलतो म्हणून तो दरवेळी धुवायचा, ड्रेस नाही, ड्रेस नुसता उलटा करून पंख्याखाली रात्रभर टांगायचा, मग घडी, कारण चार मीटर कापडाचं वजन हँगरवर महिनोन्‌महिने राहिलं की खांदे ओघळतात. धुवायची वेळ आलीच तर आधी बो सगळे काढून ठेवायचे (म्हणून ते शिवायचे नाहीत, पिनने लावायचे), मग आतल्या शिलाईवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का बघायचं. थंड पाणी, रिठ्याचा फेस, हातानेच. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. वाळवायचं सावलीत, नागपूरचं ऊन दोन वेळात गुलाबीचं बदामी करतं. लेसला इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन, म्हणजे नक्षी चपटी होत नाही. सुती पेटिकोट असेल तर भाताच्या पेजेची खळ द्या, ताठ उभा राहतो. फक्त पावसाळ्यात देऊ नका, खळीच्या कपड्याला झुरळ आणि कसर दोन्ही लागतात.

आई पहिल्या वर्षी ह्या सगळ्याकडे तोंड वाकडं करून बघायची. पण ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला दिसला तेव्हा तिलाच राहवलं नाही, तिने तो मलमलीत बांधून आपल्या पैठणीशेजारी ठेवला, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला, आणि दर दोन महिन्यांनी पैठणीची घडी मोडून बदलते तेव्हा ह्याचीही बदलते. आजीने क्रोशाची कॉलर करून दिली तेही न मागता, फक्त तिची एकच अट, टाके सैल झाले तर तिच्याकडेच आणायची, मास्टरकडे नाही. मास्टरला हे कळल्यावर तो दोन दिवस रुसला होता.

यंदा वाइन रंगाचा विचार आहे. कापड होलसेलमध्ये बघून आले, मस्त जाड पॉपलिन आहे, पण दुकानदार आठ मीटरच्या खाली कापायला तयार नाही आणि मला लागतं चार. नागपुरात कोणाला निम्मं घ्यायचं असेल तर सांगा, मास्टरशी मी बोलून ठेवते, आता तो चुन्यांवरून वाद घालत नाही, फक्त झालरीचे पैसे वेगळे लावतो.