भिंत ८ फुटांची करायची होती

मी बागा आखून देते. या घरी पोहोचले तेव्हा विटा येऊन पडल्या होत्या. बाहेर बसलं की समोरचा रस्ता, गाड्या, पलीकडच्या घराची खिडकी असं सगळं अंगावर येतं, म्हणून ५ फुटांची भिंत ८ फूट करायची, हे घरात ठरलेलंच होतं. भिंतीच्या कडेने वाट, मधे हिरवळ. मी फक्त झाडं सुचवायची.

"बागेत सगळ्यात जास्त कोण बसणार?" मी विचारलं. मुलगा-सून दोघांनीही आईंकडे पाहिलं. त्या ओट्यावर व्हीलचेअरमध्ये बसून आमचं बोलणं ऐकत होत्या.

माझ्या कामात बसायची जागा आधी ठरते. मग तिथून काय दिसतं ते बघायचं, आणि वाट शेवटी. लोक वाट आधी आखतात आणि उरलेल्या कोपऱ्यात बाक टाकतात. असे बाक रिकामेच राहतात.

मुलाने आणि मी मिळून खुर्ची खाली उतरवली आणि भिंतीपासून १० फुटांवर नेली.

"काकू, काय दिसतंय?"

"झाड. केवढं मोठं आहे गं!"

"आणि रस्ता?"

"रस्ता कुठाय इथे?"

मुलाचा विश्वास बसेना. त्यालाही शेजारी खुर्ची टाकून बसवलं. हिशेब शाळेतल्या भूमितीचाच आहे. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ४ फुटांवर असतात. १० फुटांवर ५ फुटांची भिंत असेल, तर तिच्या माथ्यावरून जाणारी नजर दर १० फुटांना १ फूट चढते. पलीकडचं घर खुर्चीपासून ६० फुटांवर होतं, म्हणजे तिथलं १० फुटांपर्यंतचं सगळं झाकलं गेलं. त्या आवारातलं झाड मात्र वर दिसत राहिलं. भिंत ८ फूट केली असती तर २८ फुटांपर्यंतचं झाकलं गेलं असतं आणि झाडही जवळजवळ दिसेनासं झालं असतं. जपानी बागांमध्ये असं बाहेरचं झाड किंवा डोंगर आपल्या बागेत धरण्याची जुनी रीत आहे, शाक्केई म्हणतात तिला. मला ती फार आवडते.

मग आधी रस्ता का दिसायचा? कारण घरचे बसायचे ओट्यावर. २ फुटांचा ओटा, डोळे ६ फुटांवर, म्हणजे भिंतीच्या वर.

ओट्यावरून खाली येणं हाच काकूंचा खरा प्रश्न होता. १ फूट उतरायला २० फूट लांबी असा सौम्य उतार धरला, तर ४० फूट वाट हवी. सरळ अंतर जेमतेम ३०. म्हणून वाटेला वळण दिलं. बागेत उगाच काढलेली वळणं मला पटत नाहीत, माणसं ती तोडून गवतातूनच जातात. हे वळण गरजेचं होतं, आणि त्याच्या पोटात झुडपं लावली की तिथून कोणी आडवं जाणारही नाही. रुंदी ४ फूट, शेवटी खुर्ची फिरवायला ५ फुटांची मोकळी जागा. सुनेला वाटेवर खडी हवी होती. चाकं रुततात म्हणून मी नाही म्हटलं, खरबरीत फरशी सुचवली.

वाट आखायला चुन्याची फक्की टाकून झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्या शेजारी कोणाला बसायचं असेल तर?" मोकळ्या जागेला लागून हात टेकायला दांडे असलेला एक बाक आखला. भिंतीच्या विटा उताराच्या दोन्ही कडांना लागल्या.