ताश्कंदचं १९६६

ताश्कंदला राहायला जातोय म्हटल्यावर औशाच्या मामांनी पहिलं हेच विचारलं, "शास्त्रीजी गेले तेच ना रे?" तेच. १० जानेवारी १९६६ ला करार झाला, तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतरावही इथेच होते, आणि मध्यरात्र उलटल्यावर शास्त्रीजी गेले. त्यांच्या नावाचा रस्ता इथे आहे, पुतळाही आहे.

म्हणून घरमालकीण ओपांकडे (ओपा म्हणजे ताई, साठी ओलांडली तरी ताईच) मी जरा ऐटीतच १९६६ चा विषय काढला. त्यांनी चहाची पियाली खाली ठेवली. "सहा वर्षांची होते. आधी कुत्री भुंकायला लागली."

२६ एप्रिल १९६६, पहाटे ५:२३. भूकंप तसा मध्यमच, पण ऐन शहराच्या पोटात आणि उथळ. मातीची घरं बसली, सुमारे ३ लाख माणसं उघड्यावर आली. ओपांचा उन्हाळा तंबूत गेला. मग साऱ्या सोव्हिएत संघातून बांधकामाची माणसं आली आणि शहर नव्याने उभं राहिलं.

त्यामुळेच ताश्कंद पहिल्या भेटीत चकवतं. रुंद रस्ते, झाडी, १९७७ ची मेट्रो. वाटतं, गाव परवा वसलंय. पण हेच ते चाच नावाचं जुनं शहर. भारताच्या वाटेवर असलेला ह्युएनत्संग इथून गेला, तोच पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात पोचला! १८६५ मध्ये रशियनांनी शहर घेतलं आणि अंखोर कालव्यापलीकडे आपलं वेगळं शहर मांडलं. कालव्याच्या अलीकडचं जुनं गाव चोरसू बाजारामागे अजून थोडं शिल्लक आहे. बोळ इतके अरुंद, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटायचं.

रविवारी ओपांनी भूकंपाचं स्मारक दाखवलं. काळ्या दगडाचा ठोकळा, त्यावर ५:२३ वाजलेलं घड्याळ आणि मधोमध चीर. ती चीर जमिनीवरून थेट पुतळ्यांच्या पायापर्यंत जाते: बाई, तिच्या कडेवर मूल, पुढे हात आडवा धरून पुरुष. शेजारी एक नवं जोडपं फोटो काढत होतं.

मी त्यांना आमच्या किल्लारीचं सांगितलं. किती माणसं गेली, ते त्यांनी विचारलं नाही.

"किती वाजता?"

"तीन छप्पन."

ओपांनी मान हलवली आणि पिशवीतल्या नानचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.