मुद्दल आणि मुदत: कमोडोर 64 च्या बेसिकमधील नावांची नोंद

गेल्या महिन्यापासून मी जीडब्ल्यू-बेसिकमधील (जुन्या पीसीवरील बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतील) माझे हिशेबी प्रोग्रॅम कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, उतरवत आहे. या आठवड्यात सरळव्याजाचा प्रोग्रॅम हाती घेतला. त्यातील व्हेरिएबलना, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावांना, मी रोमन अक्षरांत मुद्दल, दर, मुदत आणि व्याज अशी नावे दिली होती. मुद्दल 10,000, दर 8 आणि मुदत 5 वर्षे घेतल्यावर जीडब्ल्यू-बेसिकने व्याज 4,000 दाखवले, तर कमोडोरने 2. चूक झाल्याचा एकही संदेश आला नाही, आणि लिस्ट (प्रोग्रॅमच्या ओळींची यादी) काढून पाहिली तर प्रत्येक ओळ जशी लिहिली तशीच दिसत होती.

जीडब्ल्यू-बेसिक नावातील 40 अक्षरे जमेस धरते, कमोडोरचे बेसिक मात्र पहिली दोनच. मेमरीत प्रत्येक साध्या व्हेरिएबलसाठी 7 बाइट राखलेले असतात: 2 नावासाठी आणि 5 किमतीसाठी. त्यामुळे मुद्दल आणि मुदत ही दोन्ही नावे ‘एम-यू’ या एकाच कप्प्यात गेली, मागून आलेल्या 5 ने आधीचे 10,000 पुसले आणि 5 × 8 × 5 भागिले 100 असा हिशेब झाला. पूर्ण नाव प्रोग्रॅमच्या मजकुरात शाबूत राहते, म्हणूनच लिस्ट पाहून ही चूक सापडत नाही. मुदतीचे नाव ‘वर्षे’ केले आणि 4,000 आले.

1964 च्या डार्टमथ बेसिकमध्ये, म्हणजे बेसिकच्या पहिल्या आवृत्तीत, नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक. एकूण 286 नावे. मला तो कडक नियम अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तिथे लांब नाव मुळात स्वीकारलेच जात नाही.

हप्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दुसराच प्रकार आढळला. एक, दोन, तीन या नावांपैकी ‘एक’ सुरळीत चालले. ‘दोन’च्या रोमन अक्षरांत ‘ऑन’ ही आज्ञा दडलेली असल्याने तिथे सिंटॅक्स एरर (ओळीची रचना चुकल्याचा संदेश) आली, कारण ओळ साठवतानाच नावाच्या पोटातील आज्ञासुद्धा वेगळी काढली जाते. ‘तीन’ची पहिली दोन अक्षरे ‘टी-आय’, आणि हे नाव सेकंदाचे साठावे भाग मोजणाऱ्या घड्याळासाठी राखीव आहे; त्याला किंमत देऊ पाहिली की तीच एरर येते.

आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा चुका शोधणारा एक तपासनीस प्रोग्रॅम लिहीत आहे. पहिली दोन अक्षरे जुळणारी नावे तो एकत्र दाखवतो आणि नावात दडलेल्या आज्ञा शोधतो. पूर्णांक आणि स्ट्रिंग (मजकूर) साठवणाऱ्या व्हेरिएबलची खूण नावाच्याच बाइटमध्ये असते, त्यामुळे अक्षरे सारखी असली तरी त्यांचे कप्पे वेगळे राहतात; ही बाब त्याला शिकवून झाली. अवतरणचिन्हांतील, रेम या शेरा लिहिण्याच्या आज्ञेनंतरचा आणि माहिती साठवणाऱ्या डेटा ओळींतील मजकूर वगळण्याचे काम अजून बाकी आहे, कारण सध्या तो तिथल्या शब्दांनाही नावे समजून इशारे देतो.